अंगवळणी

डॉक्टर रासुलु चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
बाई, तुमच्या रक्ताला आता काही आठवत नाही.
बावीस वर्षं तुम्ही इथे अंत्सिराबेत, या उंचावर, या गारठ्यात,
सूतगिरणीच्या धुळीत.
किनाऱ्याकडचा ताप तुमच्या अंगवळणी पडला होता,
तो सुटला.
आता तुम्ही आणि विमानातून उतरलेला एखादा नॉर्वेचा माणूस,
डासाला सारखेच.

गोळ्या दिल्या. निघायच्या आदल्या दिवसापासून रोज एक,
परतल्यावरही चार आठवडे.
घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, घशात अडकते.
उन्हात टोपी.
आणि नदीत पाय घालायचा नाही,
गोगलगाईंमधून सुटलेले किडे कातडीतून आत शिरतात.

मी मान हलवली.
कुठली नदी ते त्यांना सांगितलं नाही.
आई म्हणते, माझी नाळ तिच्यातच सोडली होती.

बॅग पलंगावर आ वासून पडली आहे,
म्हणून मी आधी बाजूचे कप्पे भरते.
थर्मामीटर, जुन्या मोज्यात गुंडाळलेला.
जुलाबावरच्या मीठ-साखरेची पाकिटं, बारा.
पाण्यात टाकायच्या औषधाची बाटली, झाकणाला चिकटपट्टी.
मच्छरदाणी उलगडून दिव्यासमोर धरते, भोकं शोधत.
गावी वाटलेल्या मच्छरदाण्यांचं काय झालं मला ठाऊक आहे,
तुम्बु त्यांनी झिंगे धरतो.
भावाला बोलायची मला कुठली सोय,
झिंगे मीही खाईन.

फानिरीनं हौसेनं ठेवलेले सॉसेज मी बाहेर काढते.
का?
होडीत डुक्कर चालत नाही.
कुणाला?
नदीला.
दहा वर्षांचा आहे, आजीचं गाव त्यानं पाहिलेलं नाही.
डॉक्टरांची मनाई त्याला लगेच पटली होती,
ही पटायला वेळ लागतो.

आईचा फोन.
रेंजसाठी लवंगांच्या टेकडीवर चढते ती, धापा टाकत बोलते.
सुया आण, मोठ्या नेढ्याच्या.
टॉर्चचे सेल.
तुम्बुला चपला, चाळीस नंबर, निळ्या नकोत.
आणखी काय भरलंस?
औषधं.
कुणाला?
मला.

तिकडे नुसता वारा.
कुणीतरी लवंगांची फांदी ओढत होतं, पानं सळसळली.

पाच वर्षांची होतीस, ती म्हणाली,
नऊ दिवस ताप. मारुवावी मावशी रडून मोकळी झाली होती.
आणि दहाव्या दिवशी उठून तू फणस मागितलास.
मोसम नव्हता.
किती ओरडलीस.

मला नाही आठवत, मी म्हटलं.
माझ्या रक्तालाही नाही, हे म्हटलं नाही.
विचारलं, प्यायला पाणी कुठलं आणता हल्ली?
आता हसली ती.
स्वतःच्या गावचं पाणी लागेल होय तुला?
मग जरा थांबून,
सौदा करावा तशा आवाजात:
भात काढल्यावर खरवडीवर पाणी ओतून उकळतो ना आपण, रोजच?
तेच पी की. तांबूस, जळकट.
तुझ्या डॉक्टरचं त्यात काय बिघडतंय?

काहीच नाही, आई.
उकळीच तर हवी आहे त्याला.

फोन कापला गेला. पैसे संपले असतील, किंवा रेंज.

फानिरीनं बॅग वजनकाट्यावर उभी केली. अठरा किलो.
त्यात औषधं किती?
पाव किलोसुद्धा नाही.
मग बाकीचं काय आहे?
सुया, मी म्हटलं, आणि तो चिडला.

रात्री जेवणानंतर पहिली गोळी.
खाली रस्त्यावर एक रिक्षावाला
दांड्या जमिनीला टेकवून, गोणपाट पांघरून बसला होता,
नाकातून वाफ काढत.
इथे डास नाहीत.
मी अर्धा तास खिडकीशी उभी राहिले,
आडवं व्हायचं नाही म्हणून.